बोलायला उशीर आणि ऑटिझमची शंका: सीमाभागातील पालकांनी कोणते पाऊल आधी उचलावे

दीड-दोन वर्षांचे मूल बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, हे लक्षात आल्यावर काही घरांत "मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चार वर्षांचा झाल्यावर बोलला" असे म्हणून वाट पाहिली जाते, तर काही घरांत एकाच महिन्यात पाच दवाखाने होतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील पालकांशी बोलताना मला सतत एकच गोष्ट दिसते. प्रयत्न सगळेच जीव तोडून करतात, पण क्रम चुकतो. कान तपासण्याआधी डोक्याचे स्कॅनिंग होते, निदानाचा कागद हाती येईपर्यंत घरचे काम थांबून राहते आणि घरातील मराठी मात्र पहिल्याच आठवड्यात बंद केली जाते. ही तिसरी चूक आमच्या घरातही झाली होती. तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

खालील टप्पे साधारण १८ महिने ते ३ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहेत. मूल याहून मोठे असले तरी क्रम तोच ठेवावा. ऑटिझम (स्वमग्नता) आहे की नाही हे तज्ज्ञांनीच ठरवायचे असते. त्यांच्यापर्यंत योग्य तयारीने पोहोचणे आणि मधल्या काळातील एकही आठवडा वाया जाऊ न देणे हे पालकांच्या हातात असते.

तयारी: एक वही, एक फाइल, एक माणूस

शंभर पानी वही घ्या आणि तिच्यात तारखेसह नोंदी ठेवा. फाइलमध्ये तायी कार्ड (कर्नाटकात गरोदरपणी मिळणारे माता-बाल नोंदींचे कार्ड), जन्मदाखला, प्रसूतीच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाच्या नोंदी आणि मुलाच्या आधार कार्डाची प्रत ठेवा. बाळ जन्मल्यावर लगेच रडले होते का, काचेच्या पेटीत ठेवावे लागले होते का, कावीळ किती वाढली होती, झटके आले होते का, हे प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारले जातात. उत्तरे आजीच्या आठवणीवर सोडण्यापेक्षा वहीच्या पहिल्या पानावर एकदाच लिहून ठेवलेली बरी.

घरातील एका माणसाने ही जबाबदारी घ्यावी आणि प्रत्येक तपासणीला शक्यतो त्यानेच जावे. एकदा आई, एकदा काका, एकदा आजोबा असे गेल्यास डॉक्टरांना प्रत्येक वेळी वेगळी हकीकत ऐकू येते. फॉर्म आणि सूचना बहुधा कानडीत असतात. ज्यांना कानडी वाचता येत नाही त्यांनी वाचणाऱ्या माणसाला सोबत न्यावे आणि न समजलेल्या कागदावर सही करू नये.

टप्पा १: आठवडाभर निरीक्षण करा आणि लिहा

"बोलत नाही" एवढेच सांगून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही. मूल आपल्याला काय हवे ते कसे सांगते, हे जास्त महत्त्वाचे असते. आठवडाभर पुढील गोष्टी पाहा आणि शक्य तितक्या नेमक्या शब्दांत लिहा.

पाठीमागून नावाने हाक मारल्यावर दहापैकी किती वेळा वळते? आकाशातील विमान किंवा रस्त्यावरचा बैल तुम्हाला दाखवण्यासाठी बोट करते का? हवे ते मागण्यासाठी बोट करणे आणि "बघ ना" असे सांगण्यासाठी बोट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऑटिझमच्या शंकेत दुसरी विशेष पाहिली जाते. तुम्ही बोट दाखवले तर ते बोटाकडे पाहते की बोटाच्या दिशेने? टाटा करणे, मान हलवून नाही म्हणणे अशा खुणा येतात का? खोटे-खोटे जेवण, बाहुलीला झोपवणे असा खेळ खेळते का, की गाडी उलटी करून चाकच फिरवत बसते? एखाद्या आवाजाने, कापडाने, वासाने फार अस्वस्थ होते का?

शब्द मोजताना सीमाभागात हमखास गोंधळ होतो. मूल आजीकडे "पाणी" म्हणते, शेजारच्या अक्कांकडे "नीरु" म्हणते, टीव्हीतून एखादा हिंदी शब्द उचलते, आणि पालक फक्त मराठी शब्द मोजून सांगतात. सगळ्या भाषांतील शब्द एकत्र मोजा. अस्पष्ट पण नेहमी त्याच वस्तूसाठी वापरलेला आवाजही शब्द म्हणून धरा. दुधाला दर वेळी "दू" म्हणणारे मूल एक शब्द बोलते आहे.

दोन-तीन मिनिटांचे चार-पाच व्हिडिओ काढा: एकट्याने खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर आणि अस्वस्थ झाल्यावर. अनोळखी खोलीत मूल वेगळे वागते, म्हणून हे व्हिडिओ तपासणीत फार उपयोगी पडतात.

*थांबू नये अशी चिन्हे:* १२ महिन्यांपर्यंत बडबड नाही किंवा बोट दाखवणे, टाटा करणे यांसारख्या खुणा नाहीत. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द ("आई ये", "दूध दे") नाहीत. किंवा कोणत्याही वयात आधी येत असलेले शब्द, नजर, खेळ हरवले आहेत. यांतील एकही चिन्ह असेल तर आठवड्याची वही पूर्ण होण्याचीही वाट न पाहता तपासणीची वेळ घ्या. आलेले कौशल्य हरवणे हे सर्वांत तातडीचे समजावे.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची चाळणी जगभर वापरली जाते. पालक हो किंवा नाही अशी उत्तरे देतात. ० ते २ गुण म्हणजे धोका कमी, ३ ते ७ म्हणजे पुढचे प्रश्न विचारून खात्री करणे आवश्यक, ८ किंवा अधिक म्हणजे थेट सविस्तर तपासणी. ही चाळणी बालरोगतज्ज्ञांकडूनच करून घ्यावी. घरी मोबाइलवर भरून आलेला आकडा निदान मानू नये, आणि तो कमी आला म्हणून मनातील शंका दाबूनही टाकू नये.

टप्पा २: सर्वांत आधी कान

ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही त्याला बोलायला शिकणे अवघड जाते, आणि हाक मारल्यावर न वळणारे मूल ऑटिझममुळे वळत नाही की ऐकू न आल्यामुळे, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून श्रवण तपासणी हा पहिला वैद्यकीय टप्पा आहे. मुलामध्ये ऑटिझमची लक्षणे अगदी स्पष्ट दिसत असली तरीही ती करावीच, कारण दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात.

येथे घरोघरी एकच चूक होते. आजी मागून ताट वाजवते, मूल दचकते, आणि "कान चांगले आहेत" असा निकाल लागतो. ताटाचा आवाज फार मोठा असतो. बोलण्यातील स, श, फ, त यांसारखे आवाज त्याच्या तुलनेत अतिशय हलके असतात, आणि ते न ऐकणारे मूलही ताटाला वळते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकते. तेव्हा त्यांना आवाज येतो, पण उशीतून आल्यासारखा.

ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) साधारणपणे ओएई, टिंपनोमेट्री आणि बेरा या तपासण्या होतात. ओएई आतल्या कानाची, टिंपनोमेट्री मधल्या कानाची आणि बेरा कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गाची माहिती देते. केवळ ओएई ठीक आली म्हणून थांबू नये, कारण कान चांगला असून पुढच्या नसेत अडचण असलेली मुलेही असतात. लहान मुलाच्या बाबतीत बेरा झोपेत करावी लागते, आणि बहुतेक फेऱ्या इथेच वाया जातात. मूल एसटीत झोपते आणि तपासणीच्या खोलीत टक्क जागे असते.

बेराच्या दिवसाची तयारी अशी करा. आदल्या दिवशी डोके धुवा आणि तेल लावू नका, कारण कपाळावर व कानामागे चिकटवायचे इलेक्ट्रोड तेलकट त्वचेवर टिकत नाहीत. रात्री नेहमीपेक्षा उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि प्रवासात गाणी, खिडकी, खाऊ यांनी त्याला जागे ठेवा. झोपेचे औषध देणार असतील तर किती तास आधीपासून काही खायला-प्यायला द्यायचे नाही, हे वेळ घेतानाच विचारून लिहून ठेवा. औषध न देता करणार असतील तर दुधाची बाटली, त्याची रोजची गोधडी आणि ज्याच्या मांडीवर ते लवकर झोपते ते माणूस सोबत असावे.

*तपासून पाहा:* अहवालात दोन्ही कानांचा निकाल वेगवेगळा लिहिलेला आहे का? "पुन्हा तपासणी आवश्यक" असे लिहिले असेल तर त्याची तारीख घेऊनच बाहेर पडा.

टप्पा ३: त्याच दिवसापासून घरचे काम

सविस्तर तपासणीची वेळ मिळायला कधी आठवडे तर कधी महिने लागतात. हा काळ रिकामा जाऊ देऊ नका. पुढे जे सांगत आहे ते ऑटिझम असला, नुसता बोलण्यातील उशीर असला किंवा काहीच नसले तरी मुलाच्या उपयोगाचेच आहे. त्यासाठी कोणाच्या निदानाची किंवा परवानगीची गरज नाही.

*घरात कोणती भाषा बोलावी?*

माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा असताना एका दवाखान्यात आम्हाला सांगण्यात आले, की घरात मराठी, अंगणात कानडी आणि टीव्हीवर हिंदी यामुळे त्याचा गोंधळ झाला आहे, म्हणून यापुढे फक्त इंग्रजी बोला. आम्ही ते पाळले. मी आणि त्याचे वडील मोडक्या इंग्रजीत "कम", "सिट", "ईट" म्हणत राहिलो. माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नव्हते. त्या दिवसभर त्याच्याजवळ असायच्या, त्याला मांडीवर घेऊन टाळ्यांची गाणी म्हणायच्या, भाकरी थापताना पिठाच्या गोळीशी त्याला खेळवायच्या आणि प्रत्येक गोष्टीचे नाव सांगायच्या. चुकून मराठी बोलू नये म्हणून त्या गप्प झाल्या. ते पाच महिने परत येत नाहीत, आणि म्हणूनच हा मुद्दा मी प्रत्येक पालकाला पहिल्यांदा सांगते.

एकापेक्षा जास्त भाषा ऐकल्यामुळे ऑटिझम होत नाही आणि बोलण्यातील विकारही होत नाही. दोन भाषांत वाढणारी ऑटिस्टिक मुले एका भाषेत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांपेक्षा मागे पडतात, असेही संशोधनात आढळलेले नाही. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता आणि न अडखळता बोलता तीच घरात बोला; घर मराठी असेल तर मराठी, आई कानडी आणि वडील मराठी असतील तर दोघांनी आपापली. थेरपी कानडीत किंवा इंग्रजीत होत असेल तर थेरपिस्टला त्या आठवड्याचे दहा शब्द विचारून घ्या आणि घरी तेच मराठीत वापरा. कानडी त्याला अंगणवाडीत आणि गल्लीत भेटेलच.

*चिरमुऱ्यांचा डबा: एक पूर्ण उदाहरण*

आपल्या भागात चिरमुरे नसलेले घर सापडणार नाही. मूल तुमचे मनगट धरून तुम्हाला फळीपाशी ओढते आणि तुमचा हात डब्याकडे ढकलते. तुमच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. आपण डबा काढतो, वाटीभर चिरमुरे देतो, मूल कोपऱ्यात जाऊन खाते. मागणे पूर्ण झाले, पण तुमच्यात आणि त्याच्यात काहीच घडले नाही.

आता तेच असे करा. चिरमुरे पारदर्शक बरणीत भरा आणि झाकण घट्ट लावा. बरणी घेऊन जमिनीवर त्याच्यासमोर असे बसा, की तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर येईल. बरणी आपल्या हनुवटीजवळ धरा आणि "चिरमुरे" हा एकच शब्द स्पष्ट म्हणा. मग थांबा. मनात सावकाश दहा अंक मोजा; हे मोजणेच सर्वांत अवघड आहे, कारण आपल्याला तिसऱ्या अंकालाच बोलावेसे वाटते. या दहा अंकांत मूल तुमच्याकडे पाहील, आवाज काढील, बरणीला हात लावील किंवा बरणी तुमच्याकडे ढकलील. यांतील काहीही झाले की लगेच "चिरमुरे! उघडू" म्हणत झाकण काढा आणि चार दाणे द्या. वाटीभर देऊ नका. चार दाणे संपले की पुन्हा तेच. एका वाटीत अशा पंधरा-वीस संधी निघतात, आणि त्यांतली प्रत्येक संधी त्याला शिकवते, की माणसाकडे वळल्याने काहीतरी घडते.

दहा अंकांनंतरही काही झाले नाही, तर त्याचा हात हलकेच धरून "दे" ची खूण करून घ्या आणि दाणे द्या. रडेपर्यंत ताणू नका. "आधी बोल, मग मिळेल" अशी अट घालणे ही गंभीर चूक आहे. ज्याला शब्दच येत नाही त्याच्यासाठी ती निव्वळ उपासमार ठरते, आणि ते मागायचेच सोडून देते.

*रोजच्या कामात बसणारी इतर पावले*

प्रश्न कमी करा, सांगणे वाढवा. "हे काय? ते काय? बोल बघू, आजोबांना बोलून दाखव" या परीक्षेने मूल मिटते. त्याऐवजी ते जे करत आहे त्याला शब्द द्या: पाणी ओतत असेल तर "पाणी... ओतलं!", बूट काढत असेल तर "बूट काढला". त्याने ज्या गोष्टीकडे पाहिले तिच्याबद्दल बोला. तुम्हाला शिकवायची असलेली गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढे नाचवू नका.

त्याच्यापेक्षा एकच शब्द पुढे राहा. ते नुसते आवाज काढत असेल तर एक शब्द बोला; ते "गाडी" म्हणत असेल तर "लाल गाडी" म्हणा. ओळखीच्या गाण्यात किंवा खेळात शेवटच्या शब्दाआधी थांबा आणि तो त्याच्याकडून यायची वाट पाहा. उंच उचलण्याचा खेळ असेल तर "एक... दोन..." म्हणून थांबा. दोन वस्तू दोन हातांत धरून "केळं? बिस्किट?" अशी निवड द्या.

खुणा आणि चित्रे वापरा. हवे असलेल्या दहा-बारा वस्तूंचे फोटो छापून फळीवर लावा आणि मुलाला फोटो काढून हातात देऊ द्या. चित्राची सवय लागली की मूल बोलणार नाही, अशी भीती जवळपास प्रत्येक घरात असते. अनुभव आणि अभ्यास दोन्ही उलट सांगतात, मागता येऊ लागलेले मूल शांत होते आणि शब्दांना जागा मिळते. तुमचेच वाक्य पोपटासारखे परत म्हणणाऱ्या मुलाला गप्प करू नका. बऱ्याच मुलांची भाषा त्या पायरीवरूनच पुढे जाते.

मोबाइल आणि टीव्हीबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ मधील सूचना साधी आहे: दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, आणि २ ते ४ वर्षांत दिवसाला एका तासाहून जास्त नको. जेवताना तर नकोच, कारण जेवणाची वेळ ही बोलण्याची सर्वांत मोठी संधी असते. मात्र पडद्यामुळे ऑटिझम झाला असे समजून "सहा महिने मोबाइल बंद करून बघू" म्हणत तपासणी पुढे ढकलू नका. मोबाइल आज बंद करा आणि तपासणीची वेळही आजच घ्या.

*इशारा:* वेखंड उगाळून जिभेला लावणे, पोपटाने चोच मारलेला पेरू खाऊ घालणे, जिभेखालचा तंतू कापून घेणे, यांनी बोलणे येत नाही. जिभेचा तंतू आखूड असल्यास दूध ओढण्यात किंवा काही उच्चारांत अडचण येऊ शकते. मुलाला शब्दच नसण्याचे ते कारण नसते. वर्षाखालील बाळाला मध चाटवणे तर धोकादायक आहे.

*सुरक्षितता, लगेच:* अशी अनेक मुले हाकेला न थांबता निघून जातात आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते. उघडी विहीर, शेततळे आणि घरातील पाण्याचा हौद आजच झाका. दाराला मुलाच्या हाताला न येणारी कडी लावा. यात्रेत, लग्नात, ऊस वाढलेल्या शेताजवळ त्याच्या कपड्याला आतून फोन नंबर शिवून ठेवा.

टप्पा ४: सविस्तर तपासणी

पहिली भेट बालरोगतज्ज्ञांशी. खासगीत जाणे परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा मार्ग धरा. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात आरोग्य पथके अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करतात आणि विकासात उशीर आढळल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (डीईआयसी) पाठवतात. पथक येण्याची वाट पाहू नका. अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्तीला सांगून तालुका रुग्णालयातून पत्र मिळवता येते. बेळगावात जिल्हा रुग्णालय बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. त्यापुढे मानसिक आरोग्य व मेंदूविकारांसाठी धारवाडची डिमहान्स आणि बंगळुरूची निमहान्स, तसेच वाक्-श्रवणासाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था (आयश) या सरकारी संस्था आहेत. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडते आणि तपासणी तिथे करून घेण्यास काहीच हरकत नाही. कर्नाटकातील रहिवासी महिलांना शक्ती योजनेमुळे राज्यातील साध्या सरकारी बसने तिकिटाशिवाय जाता येते, हे वारंवार फेऱ्या माराव्या लागणाऱ्या आईने लक्षात ठेवावे.

ऑटिझमचे निदान रक्त तपासून किंवा स्कॅन काढून होत नाही. मुलाचे वागणे पाहून, पालकांशी सविस्तर बोलून आणि ठरलेल्या मोजपट्ट्या वापरून ते केले जाते. अनुभवी तज्ज्ञ दोन वर्षांच्या आसपासही ते खात्रीने करू शकतात. झटके येत असतील, आलेली कौशल्ये हरवत असतील किंवा शरीरात इतर चिन्हे असतील तर डॉक्टर ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची नोंद), एमआरआय किंवा जनुकीय तपासणी सांगतात. तशी कारणे नसताना सरसकट एमआरआय सांगितला गेला, तर "यातून काय शोधायचे आहे आणि त्यामुळे उपचार बदलतील का?" असे नम्रपणे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

भेटीत वहीतील पहिले पान आणि व्हिडिओ सुरुवातीलाच दाखवा. मुलाला भूक किंवा झोप आलेली नसेल अशी वेळ मागा. निघण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्या: आजचे मत काय, कोणत्या थेरपीची गरज आहे, पुन्हा कधी दाखवायचे. "अजून लहान आहे, वर्षभराने या" एवढेच उत्तर मिळाले आणि वरील चिन्हे असतील तर दुसरे मत घ्या.

*इशारा:* गोवर-रुबेलाच्या लसीचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत दिला जातो, आणि ऑटिझमची चिन्हे स्पष्ट दिसू लागण्याचे वयही तेच आहे. हा वेळेचा योगायोग आहे. लसीमुळे ऑटिझम होत नाही. या मुलाच्या किंवा त्याच्या धाकट्या भावंडांच्या लसी थांबवू नका.

टप्पा ५: थेरपी निवडताना

वाचा-भाषा तज्ज्ञ (स्पीच थेरपिस्ट), ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कामांचा व हालचालींचा सराव करून घेणारे), विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांपैकी कोण हवे, हे तपासणीवरून ठरते. सगळे एकदम लागतातच असे नाही. वाचा-भाषा तज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक मागा. चांगला थेरपिस्ट तो न रागावता दाखवतो.

त्याहून मोठी कसोटी म्हणजे तुम्हाला खोलीत बसू देतात की नाही. आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटे थेरपी झाली तरी उरलेला सगळा आठवडा मूल तुमच्याजवळ असते. काय केले, का केले, घरी कसे करायचे हे दाखवत नसतील तर खानापूरहून किंवा चंदगडच्या बाजूने केलेल्या त्या फेऱ्यांचा निम्मा उपयोग वाया जातो. दर महिन्याला मोजता येईल असे उद्दिष्ट लिहून मागा. "लक्ष सुधारणे" याला उद्दिष्ट म्हणता येत नाही. "दिवसातून पाच वेळा बोट दाखवून मागणे" याला म्हणता येते.

मारणे, कोंडणे, जबरदस्तीने नजर वळवणे, रडवून बसवणे असे दिसले तर त्या दिवशीच बाहेर पडा. "सहा महिन्यांत पूर्ण बरा करतो" म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. या नावाखाली लोकांनी शेत गहाण ठेवल्याचे मी ऐकले आहे, आणि ते ऐकून झोप लागत नाही. शरीरातील धातू काढणारी औषधे, ऑक्सिजनच्या पेट्या आणि डॉक्टरांना न विचारता गहू-दूध बंद करणे यांपासूनही दूर राहा.

टप्पा ६: कागदपत्रे

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आणि वाचा-भाषा दिव्यांगत्व दोन्ही आहेत. निदान झाल्यावर केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करता येतो, आणि हे कार्ड देशभर चालते. पेन्शनसारख्या योजना मात्र त्या त्या राज्याच्या असतात, म्हणून तपासणी कोल्हापुरात झाली असली तरी अर्जावरचा पत्ता तुमच्या आधारवरील कर्नाटकातील पत्त्याशी जुळता ठेवा.

आपल्याकडे अर्ज अडकतो तो नावापायी. जन्मदाखल्यावर कानडी पद्धतीने वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर, आधारवर वडिलांचे पूर्ण नाव आणि आडनाव, तायी कार्डावर तिसरेच स्पेलिंग, अशी तीन नावे एकाच मुलाची असतात. अर्ज करण्यापूर्वी आधार आणि जन्मदाखला जुळवून घ्या. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता आणि तालुक्याला बहुविध पुनर्वसन कार्यकर्ता असतो. अर्ज भरण्यात मदत करणे हे त्यांचे काम आहे. ऑटिझमचे प्रमाणपत्र मिळाल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात नाव नोंदवा. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीचाही समावेश आहे. त्याचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, म्हणून तारीख वहीत लिहून ठेवा.

प्रमाणपत्र घेतले की मुलावर शिक्का बसेल, या भीतीने अनेकजण हा टप्पा टाळतात. कार्ड फाइलमध्ये राहते. ते कोणाला दाखवायचे हे तुम्हीच ठरवता.

टप्पा ७: अंगणवाडी आणि तीन महिन्यांची तपासणी

तीन वर्षांचे झाल्यावर मुलाला घरी कोंडून ठेवू नका. अंगणवाडी सेविकेला एका पानावर लिहून द्या: त्याला काय आवडते, कशाने घाबरते, शू लागली की काय खूण करते, त्याच्या पाच कानडी-मराठी शब्दांचा अर्थ काय. पहिले दोन आठवडे अर्धा तासच बसवा आणि रडू येण्याआधी घरी आणा.

दर तीन महिन्यांनी टप्पा १ मधील निरीक्षण पुन्हा त्याच प्रश्नांनी करा, नवे व्हिडिओ काढा आणि जुन्यांशेजारी ठेवून पाहा. रोज पाहणाऱ्या आईला बदल दिसत नाही. वहीत तो दिसतो. तीन महिन्यांत मागण्याच्या पद्धतीत, नजरेत किंवा खेळात काहीच फरक नसेल तर थेरपिस्टशी बसून उद्दिष्टे बदलून घ्या. नवे झटके, अचानक टक लावून गोठणे, जेवण जवळपास बंद होणे किंवा आलेले शब्द हरवणे यांपैकी काहीही दिसले, तर तीन महिने पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि जाताना वही सोबत न्या.